राजकन्या काळी कशी असेल?

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळची गोष्ट. नाटकात राजकन्या झालेली आमची एक गुणी विद्यार्थिनी रंगपटात बसून तोंडावर पावडरीचे थर चढवीत होती. मी कारण विचारताच मान खाली घालून ती म्हणाली, "बाई, राजकन्या काळी कशी असेल?" इतक्यात घंटा झाली आणि उत्तर द्यायचे राहून गेले.

गोरेपणा म्हणजेच तजेला, हा समज आपल्या घराघरांत रुजलेला आहे. शास्त्र निराळेच सांगते. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्म घेतात, वर सरकतात आणि सुमारे ४ आठवड्यांनी झडून जातात. तेथेच मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार होते. ते पेशीत शिरून तिच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरते व सूर्याच्या अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते. ज्या सावळेपणाची आपण लाज बाळगतो, ती ही निसर्गदत्त छत्रीच होय.

ऊन त्वचेला किती लवकर म्हातारी करते, याचे एक बोलके उदाहरण आहे. अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचे छायाचित्र छापून आले. त्याने २८ वर्षे ट्रक हाकला होता. तिकडे चालक डाव्या बाजूस बसतो. त्यामुळे खिडकीतून येणारे ऊन चेहऱ्याच्या डाव्या अंगावरच पडत राहिले. ते अंग खोल सुरकुत्यांनी भरले. उजवे मात्र पुष्कळच तरुण दिसत होते. काही अतिनील किरण काचेतूनही आरपार जातात आणि त्वचेला घट्ट ठेवणारे कोलॅजेनचे तंतू झिजवितात.

तेव्हा त्वचा तरुण राखावयाची, तर तिचा वर्ण पालटून नव्हे, पेशी जपून. सावळ्या त्वचेचे कवचही संपूर्ण नसते. म्हणून भर दुपारी छत्री किंवा टोपी घ्यावी, तंबाखूला शिवू नये आणि पुरेशी झोप घ्यावी. यास खर्च तो कितीसा? उलट, गोरे करणाऱ्या काही मलमांत पारा आढळलेला आहे. पारा मेलॅनिन बनू देत नाही, म्हणजे छत्रीच मोडतो. शिवाय मूत्रपिंडांनाही अपाय करतो. असले मलम पैसे देऊन घरात आणणे याला काय म्हणावे?

त्या मुलीला राहिलेले उत्तर आज देते. बाळ, द्रुपदराजाची कन्या सावळी होती. म्हणूनच तिला कृष्णा म्हणत.