शेतातील पंप आणि इंटरनेटचा अडसर
वर्धा जिल्ह्यात ज्या वीजवाहिनीवर रात्रीची पाळी असते, तेथील शेतकऱ्यास रब्बीच्या ओलितासाठी साप व रानडुकरांच्या भीतीतून विहिरीवर जावे लागते. घरबसल्या पंप चालविण्याचे साधन ही म्हणूनच चैन नव्हे. परंतु इंटरनेटवर चालणारे असे यंत्र बसविल्यावर ते बाहेरून सापडतच नाही, अशी अडचण पुष्कळदा येते. दरवेळी दोष यंत्राचा नसतो. जुन्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच असल्याने अनेक कंपन्या एकच पत्ता बहुत ग्राहकांत वाटतात. त्यामुळे बाहेरून आलेली हाक कोणाच्या दारी न्यावी, हे ठरत नाही. आतून बाहेर जाणारी वाट मात्र मोकळी असते. म्हणून शेतातील यंत्रानेच मधल्या सर्व्हरशी संधान बांधून ठेवावे व मोबाइलचा हुकूम तेथून घ्यावा, हाच मार्ग मला श्रेयस्कर वाटतो. त्यासाठी राउटरची दारे सताड उघडणे धोक्याचे होय. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट खरेदीपूर्वीच विक्रेत्यास विचारावयास लावावी आणि यंत्राचा मूळचा पासवर्ड तत्काळ बदलवून घ्यावा. जेथे इंटरनेटच टिकत नाही, तेथे साध्या कॉलवर चालणारा मोबाइल स्टार्टर बरा. मात्र विहीर आटल्यास पंप आपोआप बंद होईल, एवढी सोय त्यात असलीच पाहिजे.