गाजर गवत बाधते, तसा हार्डनरही बाधतो



गाजर गवताची खाज कोणाला ठाऊक नाही? 1950 च्या दशकात ते पुण्याकडे ठळकपणे नजरेस आले. परदेशी गव्हाबरोबर आले असे सांगतात. (गहू खाऊन संपला, गवत बांधावर राहिले.) त्यातली एक गोष्ट आठवा. एखादी बाई वर्षानुवर्षे ते उपटते, काही होत नाही. मग एका हंगामात मानेवर, पापण्यांवर खाज उठते. त्यानंतर नुसता वारा आला तरी तोंड सुजते. गवत तेच, बाईही तीच. पण तिच्या शरीराने गवतातले पार्थेनिन नावाचे रसायन वैरी म्हणून ओळखून ठेवलेले असते, आणि शरीर ही ओळख सहसा विसरत नाही.

कारखान्यातही हेच होते. भोर-वेल्ह्याची पोरे भात-नाचणीवर घर चालत नाही म्हणून शिरवळ, खेड-शिवापूरला कामाला जातात. आपली कापूस-ज्वारीच्या मुलखातली वाळूजला, बुटीबोरीला. बरीचशी कंत्राटदाराच्या हाताखाली. कोणी गाड्यांच्या भागांवर फवाऱ्याने रंग मारतो. दोन डबे मिसळून मारायच्या पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. वर्ष, दोन वर्षे काही होत नाही. मग रात्री खोकला, छाती आवळते, श्वासात शिट्टी वाजते. सुटीत गावी आला की बरे, कामावर गेला की पुन्हा तेच. पुढे तर शेजारच्याला जाणवणारही नाही इतक्या वाफेने त्याला दमा उसळतो. फडके किंवा कागदी मास्क ती वाफ अडवत नाही.

कापूसवाल्यांचा या घराण्याशी जुना संबंध आहे. 1984 मध्ये भोपाळला सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. त्यापासून सेविन बनत असे, आणि सेविन आपण कापसावर मारत होतो. पुढे तिथल्या काही बाधितांच्या रक्तात त्या वायूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली.

पण आपल्या पोराला कोणी विडीचा खोकला म्हणतो, कोणी टीबी. कंत्राटदार म्हणतो, बाकीच्या चौघांना काही होत नाही, तुझ्याच अंगात दोष. गाजर गवतही सगळ्यांना बाधत नाही. मग ज्याला बाधले तो गुन्हेगार काय?

पोरगा खोकला लपवतो, कारण सांगितले तर हजेरी बुडते. आणि आपणही घरून सांगतो, काढ थोडी कळ, सोसायटीचा हप्ता आहे. हे मला जास्त लागते. कारण त्या वाफेतून लवकर बाहेर पडला तर सुधारण्याची आशा असते. जितकी कळ काढली तितका दमा मुरतो.

रसायने आणि रंगांनी होणारा त्वचारोग कारखाने कायद्याने सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत घातला, ॲलर्जी आणणाऱ्या रसायनांचा त्यात वेगळा उल्लेख केला. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेतही अशी यादी आहे. कामामुळे जडलेला दमा भरपाईच्या रोगांत मोडतो. पण कळवायचे डॉक्टरने आणि व्यवस्थापकाने, आणि कंत्राटी पोराचे नाव कंपनीच्या वहीत असते कुठे?

म्हणून मागणी अशी की अशा पोराला घरी न बसवता त्याच पगारावर दुसरे काम द्यावे. डॉक्टरकडे जाल तेव्हा कोणते काम, कोणता रंग, त्रास कधीपासून, सुटीत उतरतो की नाही, हे केसपेपरवर लिहून घ्या. रंगाच्या डब्यावरचे नाव उतरवून आणा. जिल्हा बैठकीला येताना हे कागद आणि हजेरीचे कार्ड बरोबर घ्या.