चाळिशीतलं शिक्षण

छपाईचा धंदा सोडलेले दादासाहेब फाळके चाळिशीत मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून भारावले. ही कला शिकवणारं इथे कुणी नव्हतं. त्यांनी पुस्तकं मिळवली, विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, १९१२ मध्ये लंडन गाठलं आणि चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतलं काम पाहिलं. परतल्यावर मटाराच्या रोपाची वाढ चित्रित करून हात बसवला. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईही फिल्म डेव्हलप करायला शिकल्या.

१९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट झळकला.

फाळक्यांना शिकण्यासाठी लंडन गाठावं लागलं; आज सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन व्यासपीठावर अभ्यासक्रम मोफत आहेत, तरी कित्येक नोकरदार कंपनीच्या प्रशिक्षणाची वाट पाहतात. ते थांबणं महागात पडतं. पण दिवसभर राबलेल्या माणसाला नुसती जिद्द पुरत नाही. कंपन्यांनी कामाच्या वेळेतलेच आठवड्याला दोन तास शिकण्यासाठी मोकळे ठेवावेत.