घुमटाला मान, मालधक्क्याला घण!

बोरीबंदरच्या घुमटाला २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार आहे ती त्या घुमटाच्या पाठीमागे, गोदीच्या अंगाला, वर्षानुवर्षे कुजत पडलेल्या दुसऱ्या मुंबईविषयी. कर्नाक बंदर, वाडीबंदर, दारूखाना, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा! इथले मालधक्के, वखारी, गंजलेले रूळ आणि ओस गुदामे यांना वारसा म्हणायला आमच्या राज्यकर्त्यांची जीभ रेटत नाही. त्यांच्या नजरेला तिथे फक्त जमीन दिसते.

१६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याला निघालेली पहिली गाडी शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षी भायखळ्याजवळ बांधकामाचा माल ओढणारे इंजिन धावू लागले होते, हे किती जणांना सांगितले गेले? मुंबईत आगगाडीने माणसाच्या आधी माल ओढला. जी. आय. पी. रेल्वेने १८६३ साली बोरघाट आणि १८६५ साली थळघाट ओलांडला, तो काही पुणेकर-नाशिककरांना हवापालट घडवावा म्हणून नव्हे. अमेरिकेत यादवी पेटली होती, लँकेशायरच्या गिरण्या कापसाविना तडफडत होत्या, आणि वऱ्हाडातला कापूस त्यांना हवा होता. १८७० साली खामगावला स्वतंत्र फाटा गेला तो त्याच कापसासाठी. बोरघाट फोडताना हजारो मजूर पटकीने, तापाने, सुरुंगाने आणि कड्यावरून कोसळून मेले. त्यांच्या हाडांवरून कापूस बंदरात आला. बोरीबंदरचे राजवाड्यासारखे स्टेशन उभे राहिले ते त्यानंतर.

कॉटन ग्रीनच्या एखाद्या जुन्या गुदामासमोर घटकाभर उभे राहा. त्याचे जोते पाहा. वाघिणीचे दार उघडले की तिचा तळ आणि मालधक्का एका पातळीत यावा, अशा बेताने अशी जोती बांधत. गाठ उचलायची नाही, ओढून आत न्यायची. कापसाची एक गाठ आजच्या मापाने १७० किलोची. हातात लोखंडी आकडा, डोक्याला मुंडासे, आणि मुकादमाच्या हाकेवर चालणारी टोळी. जोत्याच्या कडेचा दगड पायांनी आणि गाठींनी घासून गुळगुळीत होतो. आमच्या लेखी तो गुळगुळीत दगड बोरीबंदरच्या नक्षीइतकाच मोलाचा आहे. त्याला वारसा यादीत स्थान का नसावे?

१ जानेवारी १९१५ रोजी गोदीची स्वतःची रेल्वे सुरू झाली आणि बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंतचा पूर्व किनारा मालगाड्यांच्या रुळांनी विणला गेला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटले, तेव्हा हाच पट्टा पेटला. दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात भरण्याचा गुन्हा साहेबाने केला आणि त्याची किंमत गोदीतल्या गरिबाने मोजली. अग्निशमन दलाच्या हुतात्म्यांना दरवर्षी त्या दिवशी मानवंदना दिली जाते, ती दिलीच पाहिजे. पण मेलेले ७०० होते की १३००, याचाही हिशेब आजवर लागलेला नाही. हमालांची नावे कोणत्या दगडावर कोरली आहेत?

मग कंटेनर आला. १९८९ साली न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले, मशीद बंदरचा घाऊक बाजार वाशीला हलला आणि इकडचे सांधे गंजत गेले. काळ बदलला, माल दुसरीकडे गेला. त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. पण रिकाम्या झालेल्या शेकडो हेक्टर जमिनीचे काय करायचे, हा निर्णय काळाच्या हातात नाही. तो सरकारच्या हातात आहे. ही जमीन सार्वजनिक आहे. तिच्यावर पहिला हक्क कोणाचा?

गिरणगावाच्या वेळी आम्ही हेच विचारले होते. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश शहराला मोकळा मिळायचा होता, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांना. २००१ साली नियमात एक दुरुस्ती झाली, वाटणी फक्त रिकाम्या तुकड्यांपुरती उरली आणि कामगारांच्या तोंडाला पाने पुसली गेली. चिमण्या पडल्या, टॉवर चढले. तीच चाल आता पूर्व किनाऱ्यावर खेळू दिली तर पुढची पिढी आमच्या तोंडावर थुंकेल!

म्हणून आम्ही बजावून सांगतो: गोदी आणि रेल्वे यांच्या हद्दीतल्या प्रत्येक जुन्या इमारतीची मराठीतली यादी छायाचित्रांसह जाहीर झाल्याशिवाय एका विटेलाही हात लावू नका. १९९५ साली वारसा नियम करणाऱ्या या शहराला ते अवघड नाही. दारूखान्यात आणि रे रोडला पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना कागदावर अतिक्रमण ठरवून हाकलू नका. गोदीला त्यांचे हात लागत होते तेव्हा ते अतिक्रमण नव्हते. आणि किमान एका गुदामात, रूळ आणि वाघिणीसकट, या श्रमाचे संग्रहालय उभे करा.

२०२२च्या नोव्हेंबरात कर्नाक पूल पाडला, तेव्हा त्याचे इंग्रजी, मराठी आणि गुजराती अक्षरे कोरलेले दगड जपले गेले. चांगले झाले. पण ते नाव एका गव्हर्नरचे होते. त्या पुलाच्या आसपास पाठीवर शहर वाहणाऱ्यांना १९६९च्या माथाडी कायद्याने पहिल्यांदा कामगार म्हणून मान्यता दिली, अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी झगडून ती मिळवली. त्यांच्यातले कितीतरी जण आज कोपरखैरणे-घणसोलीच्या माथाडी वसाहतींत आहेत. कोणत्या धक्क्यावर कोणता माल उतरायचा, कोणत्या गुदामाला काय म्हणत, कोणाचा पाय कुठे वाघिणीखाली गेला, हे त्यांना तोंडपाठ आहे. ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन या महिन्यात त्यांच्या दारी जा. ती माणसे ऐंशीच्या घरात आहेत.