तहसीलदार म्हणजे काय हो?

परवा अतिवृष्टीच्या पंचनाम्याचं विचारायला तहसील कचेरीत गेलो होतो. दोन तास बाकावर बसून समोरची पाटी वाचत होतो, 'तहसीलदार'. रोजचा शब्द, पण त्याचा अर्थ कधी कुणी विचारलाय?

'तहसील' मूळ अरबी. अर्थ गोळा करणं, वसुली. त्याला फारसी 'दार' लागला की झाला वसुली करणारा. महसूल त्याच मुळातला. आपण 'त्यात काय हशील?' म्हणतो ना, तो हशीलही तिथलाच! कलेक्टरचं तेच. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये बंगालात हे पद आणलं ते कंपनीचा सारा गोळा करायला. मराठीत 'जिल्हाधिकारी' केल्यावर नावातली वसुली गेली, लोक मात्र अजून कलेक्टरच म्हणतात. (आमचे आजोबा मामलेदार म्हणायचे. गोव्यात अजून तेच चालतं.)

२०२४ मध्ये आपल्या सरकारने तलाठ्याचं नाव 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. नाव नवं, आत महसूल आहेच! अहो, शेतसारा आता उरलाय किती? लोक येतात ते दाखल्याला, सातबाऱ्याला, नुकसानभरपाईला. म्हणजे काम द्यायचं आणि पाट्या सगळ्या घेणाऱ्याच्या. मला तर वाटतं, खुर्चीत बसणाऱ्याला ते नाव चिकटतंच. नाहीतर आपल्याच बुडालेल्या सोयाबीनचे फोटो दाखवताना शेतकऱ्याला आरोपीसारखं का वाटावं?

पंचनाम्याचं ना? सोमवारी या म्हणाले.