महाबळेश्वर कुणालाही 'सापडले' नाही

१/ दर मे महिन्यात एक वाक्य ठिकठिकाणी वाचायला मिळते : 'महाबळेश्वरचा शोध १८२४ साली जनरल लॉडविक यांनी लावला.' माहितीपत्रकांत, सहलींच्या जाहिरातींत, शालेय निबंधांतही. मित्रांनो, हे वाक्य चुकीचे तर आहेच, शिवाय ते आपल्याला आपल्याच भूमीत पाहुणे ठरवते.

२/ लॉडविक साताऱ्याच्या छावणीतून हा डोंगर चढले आणि तेथील थंड हवेची वार्ता त्यांनी इंग्रजांपर्यंत पोहोचवली, हे खरे. पण ते पोहोचले तेव्हा क्षेत्र महाबळेश्वरी देवळे होती, पुजारी होते, यात्रेकरूंचा राबता होता. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाच नद्यांचे उगमस्थान मानलेले हे क्षेत्र. रान तुडवीत गेल्यावर अवचित दिसावे, असे ते नव्हते.

३/ ६ जानेवारी १६६५. सूर्यग्रहण. याच क्षेत्री शिवाजी महाराजांनी मातोश्री जिजाबाई आणि सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. लॉडविक यांच्या आधी तब्बल १५९ वर्षे! पायथ्याच्या पार गावावरून घाटवाट कोकणात उतरत होती. १६५९ साली अफझलखानाचा तळ तिथेच पडला होता.

४/ आता सर्वांत बोलका पुरावा. गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना येथे आरोग्यधाम वसवायचे होते. मग त्यांनी काय केले? साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी १८२९ साली करार केला आणि वाईकडील खंडाळा गाव देऊन ही जागा बदल्यात घेतली. जी वस्तू मालकाकडून लेखी करार करून घ्यावी लागते, तिचा 'शोध' कसा लागतो?

५/ त्याच प्रतापसिंहांना कंपनी सरकारने १८३९ साली पदच्युत करून काशीला धाडले. करार करणारा राजा हद्दपार झाला. माल्कम यांचे नाव मात्र पेठेला चिकटले.

६/ आज ज्या वेण्णा तलावात नावा फिरतात, तो १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधवला. रस्त्यांच्या कामाला चिनी आणि मलायी कैदी जुंपले होते. त्यांच्या नावाचा एकही 'पॉइंट' नाही.

७/ नावांचेच पाहा. सिंदोळा टेकडीचे 'विल्सन पॉइंट' झाले, नाके खिंडीचे 'केट्स पॉइंट'. केट ही माल्कम यांची कन्या. गव्हर्नराच्या कन्येचे नाव कड्याला मिळाले आणि त्या खिंडीचे जुने नाव विस्मरणात गेले.

८/ कुणी म्हणेल, 'शोध म्हणजे थंड हवेच्या ठिकाणाचा शोध.' ठीक. मग तसे लिहा : 'इंग्रजांनी येथे गिरिस्थान वसवले.' हे सत्य आहे आणि त्याचे श्रेय त्यांना खुशाल द्यावे. वसवणे आणि शोधणे यांतील अंतर ज्याला कळत नाही, त्याने इतिहास लिहू नये.

९/ इंग्रजी नावे खोडून टाका, असे माझे म्हणणे नाही. तीही इतिहासाचाच भाग आहेत. मागणी एवढीच की फलकावर 'विल्सन पॉइंट'च्या शेजारी 'सिंदोळा' लिहा, आणि वेण्णाकाठी तलाव बांधवणाऱ्याचे नाव लिहा.

१०/ पुढच्या सहलीत पॉइंट मोजून परतू नका. क्षेत्र महाबळेश्वरी जा, तुलेचा प्रसंग आठवा, सिंदोळ्यावरून सूर्योदय पाहा. आणि सोबतचा कुणी 'शोध कुणी लावला?' असे विचारील, तेव्हा त्याला उलट विचारा : 'हरवले कधी होते?'