पगार घेतला म्हणून भाडोत्री?

दर 2 फेब्रुवारीला खालापूर तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंडीच्या स्मारकापुढे भाषणं होतात. त्यांतला एक मुद्दा ठरलेला: मोगलांचे शिपाई पोटार्थी, भाडोत्री, आपले मावळे निव्वळ निष्ठेवर लढले. टाळ्या पडतात. मुद्दा मात्र टिकत नाही.

1661 साली मोगल सरदार कारतलबखान याच खिंडीच्या झाडीत पुढून-मागून कोंडला गेला, पाण्यावाचून फौज तडफडली आणि रायबाघनच्या सल्ल्याने खंडणी भरून तो सुटला. ही रायबाघन म्हणजे माहूरची सावित्रीबाई देशमुख. घराणं मोगलांच्या चाकरीतलं. तिला भाडोत्री कोण म्हणेल? उलट शिवाजीमहाराजांचा कटाक्ष रोख पगारावर होता. बारगिराच्या मांडीखालचं घोडं सरकारचं आणि लुटीचा हिशेब सरकारात. पगार हीच कसोटी धरली तर मावळाच आधी नापास व्हायचा!

कोणी म्हणेल, स्वातंत्र्यलढ्यात कर्जतच्या बाजूला भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने कुठे पगार मागितला? नाहीच मागितला. विजेचे मनोरे पाडणारी ती माणसं जिवावर उदार होती. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील गेले. पण मूठभरांची काही महिन्यांची झुंज वेगळी आणि वर्षानुवर्षं उभी ठेवायची फौज वेगळी. तिच्या घरच्या चुली कोणी पेटवायच्या?

भाडोत्री तो, ज्याला फायदा दिसेल तिकडे उठून जाता येतं. 1803 साली शिंद्यांच्या कवायती पलटणींचा सरदार पेराँ गडगंज पैसा गाठीशी बांधून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. इंग्रजांचा जाहीरनामा निघताच कित्येक गोरे अंमलदारही चाकरी सोडून गेले. मागे राहिले ते महिन्याच्या पगारावरचे साधे शिपाई. 1 नोव्हेंबरला लासवारीला ते असे लढले की खुद्द इंग्रज सेनापती जनरल लेकने त्यांची तारीफ केली.

आणि गारदी, म्हणजे पगारी कवायती पायदळ? 1773 साली शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून करणारे गारदीच, हे खरं. थकलेल्या पगाराचा बोभाटा करतच ते आत शिरले. कारस्थान मात्र वाड्यातलंच होतं. पण त्याच्या बारा वर्षं आधी पानिपतावर इब्राहिमखानाचे गारदीही पगारीच होते. त्यांनी भाऊसाहेबांची बाजू सोडली नाही. जखमी इब्राहिमखान अब्दालीच्या हाती लागला आणि मारला गेला. चावणीच्या भाषणांत त्याचं नाव कधी निघालंच, तर टाळ्यांचा मान त्याच्या पगारी गारद्यांनाही आहे.